बुधवारची बाटली

गिरजाबाईंनी सरबताची रिकामी बाटली पुन्हा एकदा विसळली, उजेडाकडे धरून पाहिली आणि पदराने पुसून पिशवीत घातली. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मधुकर ऑफिसला जायच्या घाईत स्कूटरची किल्ली शोधत होता.

"आता कुठं निघालीस, आई?"

"दवाखान्यात. आज बुधवार हाय ना?"

"आहे. पण ही बाटली कशाला?"

"मग औषध कशात आनू?"

मधुकरला हसू आलं. गेला आठवडाभर ती रोज चहाच्या वेळी विचारत होती, "आज कोनता वार?" आणि तो पेपरातून डोकं न काढता सांगत होता. एकदा तर म्हणाला होता, "तुला काय ड्यूटीवर जायचंय?" त्यावर त्याची बायको उषाही हसली होती, सुनेनं हसावं तितपत.

"होतंय काय तुला?"

गिरजाबाईंनी लुगड्याचा काठ जरा वर घेतला. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. त्यावर वाळलेल्या हळदीचा थर होता आणि सूज घोट्याच्या वर चढली होती. वास आला तशी उषाने पदर नाकाकडे नेला, पण तो तिथवर पोचू दिला नाही.

"हे कधी झालं?"

"गच्चीवर खिळा रुतला, बेस्तरवारी. बुधवार नुकताच गेलता बघ. माझं नशीब."

मधुकर तिच्या पायाशी बसला. आदिलाबादकडच्या त्यांच्या गावात डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी, बुधवारी यायचे. चावडीत टेबल मांडून बसायचे आणि लाल औषधासाठी ज्याची त्याने बाटली न्यायची. बाकीचे दिवस दुखणं घरातच सांभाळायचं. धाकट्या बहिणीला, शेवंतीला ताप चढला तेव्हा वडिलांना धीर धरवला नाही. त्यांनी शुक्रवारीच गाडी जुंपून तिला तालुक्याला नेलं. तिथे दवाखान्याला कुलूप होतं. परतीच्या वाटेवर पोर गाडीतच गेली. बुधवारपर्यंत घरात ठेवली असती तर वाचली असती, असं सारं गाव म्हणालं. गिरजाबाईंनी ते खरं मानलं आणि जन्मभर पाळलं.

वडील गेल्यावर मधुकरने आईला शहरात, विद्यानगरला आणलं. गॅस कसा बंद करायचा ते शिकवलं, फोन दाखवला, केबलवरची नवी चॅनेलं दाखवली. इथे दवाखाने रोज उघडे असतात, एवढंच सांगायचं राहिलं. हेही सांगावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी खाजगी दवाखाना झाला होता, काचेचा. त्याच्या पाटीचा निळा उजेड रात्रभर आईच्या अंथरुणावर पडायचा. चोवीस तास उघडा, असं त्या पाटीवर लिहिलं होतं, तेलुगूत आणि इंग्रजीत. आईला मराठीही वाचता येत नव्हतं.

त्याच दवाखान्यात तरुण डॉक्टरने पाय पाहिला, रक्त तपासून घेतलं आणि मधुकरला बाजूला घेतलं.

"शुगर बहुत है, साब. पाँव नहीं बचता. खिला लगा उसी दिन लाते तो सिर्फ अंगूठे पे निपट जाता. इत्ते दिन कायकू रुके?"

दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तो खाटेपाशी आला. सलाईन लावायला हात मोकळा हवा म्हणून नर्सने बाटली मागितली, तर गिरजाबाईंनी ती उषाच्या हाती दिली.

"सांभाळ गं. औषध देतेत मग."

"आई," मधुकर म्हणाला, "पाय काढावा लागेल."

"सारा?"

"गुडघ्याच्या खाली."

गिरजाबाईंनी पायाकडे पाहिलं. मग त्यांनी लुगडं ओढून तो झाकला. मधुकरचा चेहरा पाहून मोकळा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"रडू नको रे. पाय गेला तर गेला. शेवंतीवानी तर नाही झालं." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "ह्या खेपेला आपण बराबर दिवशी आलो ना?"

उषा बाटली घेऊन खिडकीकडे वळली.

"हव, आई," मधुकर म्हणाला. "बराबर दिवशी आलो."