मर्सीबाईंच्या टेबलावरची राज्यघटना

मित्रांनो, मी अमेरिकेच्या राज्यघटनेची एक जुनी छापील प्रत आहे. तेव्हा राजधानी असलेल्या फिलाडेल्फियात मर्सी पेनॉक या विधवा बाईंच्या खाणावळीत, मिठाच्या भांड्याशेजारी माझी जागा होती. तिथे चार खासदार राहत. एका टेबलावर जेवणाऱ्यांनी सभागृहात एकच मत द्यायचं, असा त्यांचा रिवाज. सगळे वाद जेवतानाच होत. माझ्या पानांवर अजून सूपचे डाग आहेत.

एका हिवाळ्यात नदीवर जहाज आलं. दूरच्या बेटावर घरदार जळालेली चाळीस माणसं त्यात होती. साथीच्या तापाच्या भीतीने त्यांना कोणी उतरू देईना. सरकारने त्यांना सरपण आणि पीठ द्यावं, असा ठराव आला आणि नेमका आमच्या चार मतांवर अडला.

चौघांत वयाने वडील असलेले हॅक्स्टनसाहेब दुष्ट नव्हते. स्वतःची दोन्ही घोंगडी त्यांनी जहाजावर धाडली होती. पण सरकारला हा अधिकार कुठे लिहिलाय, म्हणत ते माझ्यावर बोट फिरवत राहिले.

"लोकांचं कल्याण, असं लिहिलंय की," समोर बसलेले दुसरे खासदार ट्रॅस्कसाहेब म्हणाले.

"त्या एका शब्दाच्या जोरावर उद्या तुम्ही मला तुरुंगातही घालाल."

खरं सांगते, मला दोघांचंही पटायचं.

वादाच्या चौथ्या दिवशी भर दुपारी माझ्या दोन ओळींमधली कोरी जागा ओली झाली. कुणी काही सांडलं नव्हतं. मग तिथून गार श्वास येऊ लागले, पुष्कळ जणांचे. हॅक्स्टनसाहेबांचं बोट थबकलं. तरी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. मला ओरडायचं होतं, पण छापलंय तेवढंच मला बोलता येतं. दिवेलागणीपर्यंत ते श्वास एकेक करून थांबले.

दुसऱ्या दिवशी हॅक्स्टनसाहेबांनी होकार दिला. ठराव मंजूर झाला. सरपणाची गाडी नदीवर गेली आणि भरलेलीच परत आली. घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

मर्सीबाई त्यांच्या पंथाच्या रीतीने लहानथोर सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारत आणि अरे-तुरेच करत. त्यांनी साहेबांपुढे ताट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "थिओडोरिक, तुझं वाचून झालं का?"

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

मित्रांनो, मला जरूर वाचा. माझ्या शब्दाशब्दावर भांडा, त्यासाठीच मी आहे. पण भांडण्याआधी दारात कोण कुडकुडतंय ते बघा आणि त्याला आत घ्या. मी कुठे जात नाही. त्याच्याजवळ मात्र तेवढा वेळ नसतो.