तेरा मतांचं खेडं

डब्लिनच्या ओंगार उपनगरात चार बेडरूमचं घर काय घेतलं, गुरुनाथची स्वारी स्वतःला आयर्लंडमधल्या झाडून साऱ्या मराठी माणसांचा पाटील समजायला लागली! मराठी मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी तोच, तोही बिनविरोध. "आपल्यात कशाला निवडणूक? उगाच मनं दुखावतात," हे त्याचं पालुपद. किलकेनीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर नीलिमाला ते ऐकून शिसारी यायची.

यंदा तिने अर्ज भरला. झालं, लगेच गुरुनाथचा फोन. "मॅडम, अर्ज मागे घ्या. त्यापेक्षा झूमवर तुमच्या भागाच्या इतिहासावर बोला ना. तुम्ही काय गोड बोलता!"

ती बोलायला हो म्हणाली. अर्ज मात्र मागे घेतला नाही.

लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या आतच फिरायची मुभा, त्यामुळे शेजारच्या खेड्याची कुंडली तिला पाठ झाली होती. मंडळाच्या झूमवरच्या वार्षिक सभेत तिने ती मांडली. एवढंसं खेडं, पण डब्लिनच्या जुन्या पार्लमेंटात त्याचे दोन खासदार! मतदार तेरा. तेराही जमीनदाराच्या मर्जीतले, कुणी कारभारी, कुणी मेव्हणा. एक मेला की उरलेले बारा नवा होयबा निवडणार. अठराशे सालच्या कायद्याने मतदारसंघ बुडाला, तेव्हा भरपाई मिळाली जमीनदाराला. गावाच्या हाती धुपाटणं!

"लाज कशी वाटली नाही हो त्या तेरा जणांना?" तिने कॅमेऱ्यात रोखून विचारलं.

गुरुनाथने टाळ्या वाजवल्या. "वा! इतकी वर्षं ना भांडण, ना तंटा. शिकण्यासारखं आहे, मंडळी!"

कप्पाळ! गाढवापुढे वाचली गीता.

"आता मतदान घ्या," नीलिमा म्हणाली.

"घेऊ की. कॅमेरे चालू ठेवा हं सगळ्यांनी. नीलिमाताईंसाठी हात वर करा."

कॉर्कच्या तन्वीचा हात वर आला. सुचित्राचा अर्धा आला आणि केस सावरून खाली गेला. बस्स.

"आता माझ्यासाठी."

पडद्यावर हातच हात. एका चौकटीत तिला आपल्याच घरातलं कपाट दिसलं, आणि त्यापुढे हात वर केलेला तिचा नवरा, सारंग.

ती तरातरा पलीकडच्या खोलीत गेली. "सारंग, हे काय चाललंय?"

"हळू बोल गं," त्याने दुसऱ्या हाताने लॅपटॉपचा माइक झाकला. "परवा गुरुनाथच्या कंपनीत मुलाखत आहे माझी. त्याला सगळं दिसतंय."

हात अजून वरच होता.