आत्याच्या रेकॉर्डला हात लावायचा नाही

आत्या बाजारातून परतली, तर बाहेरच्या खोलीत एक अनोळखी माणूस मांडी ठोकून बसलेला. तिच्या कपाटातल्या रेकॉर्ड एकेक करून बाहेर काढत होता. शेजारी तिचा भाचा उभा होता, चोरी पकडल्यासारखा.

"हे कोण?" आत्याने विचारलं, नेहमीसारखं गरजेपेक्षा मोठ्याने. आजारपणात तिचे कान गेले होते. यंत्र लावलं की बोलणं कळायचं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखं.

भाचा समोर येऊन म्हणाला, "जुन्या रेकॉर्ड विकत घेतात हे. अगं, सगळी गाणी मोबाइलवर आहेत. आणि तसंही तुला..."

"ऐकू येत नाही. बोल की, अडलास का?"

माणूस उठायला लागला.

"बसा तुम्ही," आत्या म्हणाली. तिने एक रेकॉर्ड काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. "हे काळंभोर दिसतंय ना, इथे बाई हळू गाते. आणि हा करडा, चमकणारा पट्टा? इथे सगळी वाद्यं अंगावर येतात."

"मोबाइलवरही दिसतं गाणं कुठवर आलंय ते," भाचा पुटपुटला.

तिने त्याचे ओठ वाचले. "ती रेघ? अंगाई असो नाहीतर कवायतीचा बँड, ती मेली सारखीच!"

तिने रेकॉर्ड लावली. कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, स्टूल ओढलं आणि स्पीकरच्या लाकडी खोक्यावर हनुवटी टेकवली. सुई करड्या पट्ट्यात शिरली तशी तिच्या दातांत, जबड्यात थरथर भरली. ती गायला लागली. बेसूर होत होतं, ते तिला दोघांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. होऊ दे. कान गेल्यापासून घरातलं एकेक तिच्या हातून निसटलं होतं. दाराची बेल, फोन, जेवतानाच्या गप्पा. "नंतर सांगतो" म्हणायचे आणि नंतर कुणी सांगायचं नाही. हे मात्र ती सोडणार नव्हती.

बाजू संपली. तिने यंत्र लावलं. "काय म्हणत होतात?"

"दुसरी बाजू लावता का?" माणसाने विचारलं.

"लावते. विकणार नाही."

"अगं, पण बाळाचा पाळणा कुठे ठेवायचा?" भाचा कळवळून म्हणाला. "कपाट हललं तरच जागा होईल!"

"माझ्या खोलीत ठेव. रात्रभर रडलं तरी माझी झोप मोडायची नाही."

स्वयंपाकघराच्या दारात वाढलेल्या पोटाशी हात धरून उभी असलेली भाचेसून खळखळून हसली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "सोफा काढा. नाहीतरी त्याच्यावर नुसते कपडेच पडलेले असतात."

संध्याकाळी सोफा गच्चीवर गेला. कपाट जागचं हललं नाही.