हॉलमधला वळसा

नीलला न्यूझीलंडच्या दक्षिणेला, क्राइस्टचर्चला नोकरी लागली आणि तो पुढे निघून गेला, म्हणून उत्तरेकडचं टौरंगाचं घर विकायचं काम त्याच्या बायकोवर, सुमेधावर पडलं. ती आणि नऊ वर्षांची मुलगी ऋग्वेदा मागे राहिल्या.

दर रविवारी ओपन होम असायचं. लोक घर बघत असताना मालकांनी आत थांबायचं नाही, असं एजंट फिओनाने बजावलं होतं. त्यामुळे दोघी रस्त्यापलीकडे गाडीत बसायच्या. हॉलला रस्त्याच्या बाजूने पूर्ण काचेची दारं होती, आतली माणसं तिथून स्पष्ट दिसायची.

पहिल्या रविवारी सुमेधाला वाटलं, फिओनाने हॉलच्या मधोमध टेबल ठेवलंय. पॅसेजमधून येणारा प्रत्येक जण खाडीचा देखावा बघायला काचेकडे सरळ निघायचा, मध्यावर आला की बाजूला वळायचा आणि वळसा घालून पुढे यायचा. घरी जाऊन पाहिलं तर मधे काहीच नव्हतं. जमीन खचलीय का, म्हणून तिने वाकून पाहिलं. दुरूनच.

पुढच्या रविवारी दोन मुलं हॉलमधून पळत आली. मधे येताच एक डावीकडून गेलं, एक उजवीकडून. त्यांच्या मागून आलेली म्हातारी बाई थांबली, मान झुकवून हसली, तिचे ओठ ‘सॉरी’ म्हणाल्यासारखे हलले आणि ती बाजूने गेली.

त्या दुपारी सुमेधाने ऋग्वेदाला पॅसेजमध्ये उभं केलं. “इथून काचेपर्यंत सरळ चालत जा बघू.”

ऋग्वेदा वळसा घालून गेली.

“सरळ जा म्हटलं ना, मग वळलीस का?”

“बट यू गो अराउंड टू, आई,” ऋग्वेदा म्हणाली. “एव्हरीवन डझ.”

सुमेधाने डोळे मिटले आणि हात पुढे धरून चालायला लागली. हाताला काही लागलं म्हणून डोळे उघडले, तर ती कडेच्या भिंतीशी उभी होती.

तिने नीलला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, “आपण टीपॉय घेणार होतो बघ हॉलसाठी. तू नको म्हणालीस.”

“मी कुठे? तूच नको म्हणालास.”

“नको असं आपल्यापैकी कुणीच म्हणालं नसेल,” नील म्हणाला. “विकून टाक लवकर.”

बुधवारी प्राची आणि शुभम घर बघायला आले. दोघंही इथे शिकायला आलेले, आता किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये नोकरीला होते. ऋग्वेदाला ताप असल्याने सुमेधा त्या दिवशी घरातच होती. मराठी ऐकून प्राचीला केवढा आनंद झाला. “ताई, तुम्ही पुण्याच्या का?” असं विचारत ती पॅसेजमधून आली आणि बोलता बोलता सरळ हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

प्राचीने पायांकडे पाहिलं. “इथे गरम लागतंय. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.” मग ती किचन बघायला गेली.

ते बाहेर पडल्यावर सुमेधा त्यांना बघायला काचेपाशी गेली, आणि तिथे पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सरळ चालत आलो. ती मागे फिरली, त्या जागेवर उभी राहिली. काहीही नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने बाहेर पाहिलं. शुभम बायकोसाठी गाडीचं दार उघडायला चालला होता. प्राचीपाशी येताच तो फूटपाथवरून खाली उतरला आणि रस्त्यातून वळसा घालून पलीकडे गेला.

आठवड्याच्या शेवटी दोन ऑफर आल्या. एक बिल्डरची, कुठलीही अट नसलेली. घर पाडून तो तिथे टाउनहाउस बांधणार होता. दुसरी प्राची-शुभमची, बँकेचं कर्ज आणि घराची तपासणी या अटींवर.

“बिल्डरची घे. विषय संपेल,” नील म्हणाला.

“घर पाडलं तर ते प्राचीला सोडून परत कुठे जाणार?” सुमेधा म्हणाली. कोण, हे नीलने विचारलं नाही. तिने प्राचीच्या ऑफरवर सही केली.

पण तिला चैन पडेना. अटींची मुदत संपायच्या आत तिने प्राचीला एका कॅफेत बोलावलं आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. कॅफे भरलेला होता, तरी त्यांच्या आजूबाजूची टेबलं रिकामी होती.

प्राचीने मधे एकदाही अडवलं नाही. “दुकानात लोक लाइनमध्ये माझ्यापासून लांब उभे राहतात,” ती म्हणाली. “मला वाटलं, आपल्या रंगामुळे. पण शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आपलेही लोक तसेच. आणि शुभम हल्ली सोफ्यावर झोपतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही.”

“तू ऑफर मागे घे. अजून वेळ आहे.”

“घर नाही घेतलं तर हे जाईल?”

“माहीत नाही गं.”

प्राचीने कप बाजूला सरकवला. “मग घर तरी घेते. त्याला तिथे राहायची सवय आहे. कदाचित तिथेच उतरेल.” मग ती म्हणाली, “तुम्ही त्या दिवशीच बोलला असतात तर बरं झालं असतं, ताई.”

निघायच्या दिवशी गाडीत सामान भरून झालं होतं. फिओनाने प्राचीला किल्ल्या आधीच दिल्या होत्या, फक्त मागच्या शेडची सुमेधाकडे राहिली होती. प्राची ड्राइव्हवेत उभी होती, एकटीच. तिने हात पुढे केला. सुमेधा किल्ली घेऊन तिच्याकडे निघाली. या वेळी डोळे उघडे ठेवायचे, तिच्याकडेच बघत राहायचं, असं तिने ठरवलं होतं. चार पावलं ती नीट गेली.

मग ती लेटरबॉक्सपाशी उभी होती. प्राची तिच्या मागे राहिली होती, हात तसाच पुढे धरून.

सुमेधाने किल्ली लेटरबॉक्सवर ठेवली आणि बाजूला झाली. प्राची आली, किल्ली उचलली, “नीट जा, ताई,” म्हणाली आणि घरात गेली.