दोनच प्रश्न उरले

चांदूर बाजारकडच्या संत्र्याच्या बागा तीन वर्षं ओळीनं गळत होत्या. तिथलीच हीना अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. सुट्ट्यांमध्ये फिरून तिनं तीनशे बागांची माहिती जमवली. पाणी, माती, खत, फवारणी असे सव्वीस प्रश्न. परदेशातल्या एका प्रयोगशाळेच्या क्वांटम संगणकावर तिला थोडा वेळ मिळाला होता. कोणत्या प्रश्नाचं उत्तर बदललं की बाग गळणं बदलतं आणि कोणते प्रश्न नुसती भरती आहेत, एवढंच त्यातून निवडून काढायचं होतं.

दोनच उरले. कलम कोणत्या साली लावलं आणि कोणत्या रोपवाटिकेतून आणलं. तिनं साध्या संगणकावर पडताळलं. तेच. गळणाऱ्या बागांत सगळीकडे दुष्काळाच्या दोन वर्षांतली, तिच्या वडिलांच्या, अब्दुल रहीम यांच्या रोपवाटिकेतली कलमं.

ती घरी गेली तेव्हा ते रोपांच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करत बसले होते.

"अब्बा, दुष्काळाच्या त्या दोन साली कलमाखाली खुंट कायचा होता?"

त्यांचे हात थांबले. "जंबेरीच्या खुंटावर झाड टिकते, पन त्याचं बी भेटलं नाही. जे लिंबू भेटलं, त्याच्यावर बांधलं."

"लोकायले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं कोनी नेलं असतं?" पुढचं रोप हातात घेत ते म्हणाले, "तू दुसरे चोवीस प्रश्न सांग ना त्यायले."

हीना शेजारी केशवरावांकडे गेली. त्याच कलमांची बाग त्यांनी आदल्या वर्षी तोडली होती. ओलित त्यांची बायको माणिकबाई बघायची. तिनंच पाणी चुकवलं म्हणून झाडं गेली, असं ते चारचौघांत बोलायचे. ती मजुरीला दुसऱ्यांच्या शेतात जाऊ लागली होती.

"काकू, पाण्याचा काही संबंध नव्हता," हीनानं सांगितलं. मग कलमांचंही सांगितलं, वडिलांचं नाव घेऊन.

केशवराव ताडकन उठले. "रहीमभाईनं बुडवलं मले!"

माणिकबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "आन् मले दोन वर्स जे बोलले, ते?"

ते चपला घालून बाहेर पडले.

आठवड्याभरात रोपवाटिका बंद झाली. अब्दुल रहीम लेकीशी बोलेनासे झाले. ती आली की अंगणातून उठून जायचे. केशवराव पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कलमांची हकीकत सांगत. बायकोचं नाव त्यात कधी आलं नाही.