उशिराच्या चार रात्री

एलियाना डोंगरावर आली ती नकाशाची गुंडाळी काखोटीला मारूनच. साधीसुधी गुंडाळी नव्हे हो! आपल्या आकाशगंगेचा मधला भाग कसा दिसतो, याचा नकाशा. तीन वर्षं डोळे फोडून केलेला. आणि त्या मधल्या भागाला पोरीनं चक्क शेपूट शोधून काढलं होतं. सोमवारी राजधानीत, सान्तियागोत, प्रबंधाची परीक्षा. शेपटामुळे तुझं नाव होणार, असं तिच्या मार्गदर्शक बाईच म्हणाल्या होत्या.

दुर्बीण चालवणारे उस्ताद नोल्बेर्तो पाव आणि चहा घेऊन बसले होते. नकाशासाठी लागलेले सगळे फोटो त्यांनी काढलेले, म्हणून पहिला मान त्यांचा.

"बस पोरी. समज मी परीक्षक आहे, तोही खडूस. बोल."

कपबशा सारून तिनं नकाशा पसरला. "हे तारे फुगतात, आक्रसतात. अशा एका फेऱ्याला जितका जास्त वेळ, तितका तारा मुळात तेजस्वी. तो दिसतो किती मंद, त्यावरून अंतर काढायचं. सगळे मांडले की अशी लांबट शेंग होते, भुईमुगाची."

"आणि तिचं पलीकडचं टोक उंदरानं कुरतडलंय वाटतं?"

"तारे कमी आहेत तिथे. टोक सोडा हो, शेपूट बघा! तीनशे तारे, नऊ तासांच्या फेऱ्याचे, आपल्या बाजूला आलेले."

"फोटो कुणाचे?" उस्तादांनी मिशीवर हात फिरवला. "बाईंनी बजावलेलं, रात्री नऊ म्हणजे नऊ. चहा झाला, तोंड पुसलं, की पहिला फोटो तुझा. दोन वर्षं, मिनिटाचा फरक नाही."

एलियानाचा घास तोंडातच राहिला.

"उस्ताद, तुमचा कानेलो कुत्रा रोज नऊला दारात असतो ना?"

"असतो की, हाडूक मिळतं."

"दिवसभरात तो गावाला एक चक्कर मारतो की दोन?"

"मला काय ठाऊक? मी कुत्र्याला नऊलाच बघतो."

"मीही ताऱ्यांना नऊलाच बघितलंय." तिचा चेहरा पडला. "रोज एकाच वेळी पाहिलं तर साडेचौदा तासांचा फेराही नऊ तासांचा वाटू शकतो. तसं असेल तर हे तारे मुळात जास्त तेजस्वी, म्हणजे जवळ नाहीतच, लांब आहेत. वेगळ्या वेळचा एक जरी फोटो असता!"

उस्ताद कानापर्यंत लाल झाले. उठले, पुन्हा बसले.

"बाईंना सांगू नकोस. अठरा सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला मी खाली गावात नाचायला गेलो होतो. सलग चार रात्री. परत यायला बारा वाजले. फोटो काढले, पण लाजेनं पाठवलेच नाहीत."

"आहेत?"

"टाकून कसे देऊ? तुझे तारे आहेत त्यात!"

दोघं संगणकाला भिडले. तासाभरात निकाल लागला: साडेचौदा तास. एकेक करून तीनशेच्या तीनशे तारे पलीकडे गेले आणि शेपूट गळून पडलं. एलियाना ढसाढसा रडली. तिचा पहिला शोध होता तो, रडणार नाही तर काय! उस्ताद नुसतेच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"ए पोरी, इकडे बघ," ते एकदम म्हणाले. "तुझा उंदीर पळाला!"

तिनं डोळे पुसून पाहिलं. तारे बरोबर त्या कुरतडलेल्या टोकाला जाऊन बसले होते. शेंग टोकापर्यंत भरली होती, इतकी नीट की ती रडता रडता हसायला लागली.

तिनं तिथूनच बाईंना फोन लावला. "बाई, शेपूट गेलं. पण शेंग अख्खी मिळाली." मग सगळं सांगितलं. फक्त ते फोटो आले कुठून, हे गाळलं.

बाईंनी नेमकं तेच विचारलं. उस्ताद दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. पण एलियानाला खोटं काही बोलवेना.

"उस्ताद चार रात्री उशिरा आले होते."

पलीकडे बाई खो खो हसल्या. "चारच? त्यांना म्हणावं, यापुढे वेळ पाळाल तर माझ्याशी गाठ आहे!"

त्या रात्री नऊ वाजून गेले, तरी उस्तादांनी निवांतपणे चहाचा दुसरा कप भरून घेतला.