करियाचा कासरा

मी एक जुना कासरा आहे. जुना, पण कुजका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, बैलगाडी हाकताना गाडीवानाच्या हातात जी दोरी असते ना, तोच मी. सास्तूरच्या धुळाप्पांनी बांधावरची अंबाडी भिजवली, सोलली, वाळवली आणि मला तीन पेडांत वळलं. मग एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्यांनी मला असं ताणलं की अंगठाच लाल झाला. "ह्यो काय तुटत न्हाय आता," ते म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि मी तर अजून जळलेलोही नाही.

वेळ अमावास्येला घरची सगळी माणसं गाडीत बसून शेतात जेवायला निघायची. मधोमध आंबिलीचं मडकं असायचं. बैल माझ्या इशाऱ्यानं असे चालायचे की मडकं हिंदकळायचंसुद्धा नाही. माझं कौतुक व्हायचं, आणि मला ते आवडायचं.

एकदाच माझी मान खाली गेली. त्या वर्षी दुष्काळ होता. धुळाप्पांचे चिरंजीव शरणबसप्पा यांनी मला बादलीला बांधून विहिरीत सोडलं. मी संपलो, पण पाणी आलं नाही. दुसरा कासरा जोडला, तोही संपला. "कासऱ्यानं कुठं हीर गाठती व्हय?" शेजारी म्हणाला. ते मला फार लागलं. पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर लटकत राहिलो. एका उंदरानं माझा एक पेड कुरतडला, तरी कोणी पाहिलं नाही.

माझे दिवस पालटले ते करियामुळं. करिया म्हणजे शेतातला काळा कुत्रा. तो शरणबसप्पांच्या हातूनच भाकरी खायचा, दुसऱ्यानं दिली तर तोंड फिरवायचा. त्यांची लेक शिवप्रिया नोकरीसाठी कोकणात गेली. तिच्याकडं जायचं ठरलं तेव्हा करियालाही नेणं आलंच. तिथं सुरूच्या बनातून समुद्राकडं जाणाऱ्या वाटेवर कुत्र्यांना मुभा होती, फक्त दोरी हातात हवी. शिवप्रिया नवा पट्टा आणणार होती. शरणबसप्पांनी गावाहून पिशवीत घालून आणलेलं मला बाहेर काढलं. घरचा कासरा असताना पट्टा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी शिवप्रिया कामावर गेली आणि आम्ही फिरायला निघालो. शरणबसप्पांच्या पत्नी प्रेमाबाई गावाकडं शेतात जातानाही पाण्याची कॅन विसरत नाहीत. इथंही त्यांनी ती उचलली होती.

"समुद्राला चाललाव अन् पाणी घेऊन? लोकं हसतील," शरणबसप्पा म्हणाले. कॅन घरीच राहिली. धपाट्यांचा कडीचा डबा तेवढा सोबत घेतला.

करियाला दोरीची सवय नव्हती, पण बनातल्या मऊ वाटेवर आमची जोडी छान जमली. किनाऱ्यावर एवढं पाणी पाहून तो आधी भुंकला, मग धावत जाऊन प्यायला लागला. समुद्र खारा असतो हे शरणबसप्पांना काय ठाऊक नव्हतं? पण जन्मभर पाण्यासाठी आभाळाकडं पाहिलेला माणूस तो; ते कौतुकानं पाहतच राहिले. "पी बाबा पी," ते म्हणाले, "असलं पाणी कधी बघितलं न्हाईस."

धपाटे संपवून आम्ही परत निघालो. बनात शिरल्यावर करिया ओकला, पुन्हा ओकला आणि आडवा झाला. त्याची जीभ बाहेर आली होती. शरणबसप्पांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि ते झपाझप चालू लागले. प्रेमाबाईंना बनाच्या कडेला नारळाखाली एक विहीर दिसली. विहिरीवर ना रहाट होता, ना बादली.

शरणबसप्पांनी मला करियाच्या गळ्यातून सोडवून रिकाम्या डब्याच्या कडीला बांधलं. तेव्हा कुठं त्यांना तो कुरतडलेला पेड दिसला. त्यांचा हात थबकला. मला आमची विहीर आठवली. मी पुन्हा अपुरा पडलो, किंवा तिथंच तुटलो, तर करिया वाचणार नव्हता.

"सोडा तुम्ही," प्रेमाबाई म्हणाल्या.

मी खाली निघालो आणि लगेच डबा बुडाल्याचा आवाज आला. माझा निम्मा भाग अजून शरणबसप्पांच्या मुठीत होता, कुरतडलेल्या पेडासकट. ते वाकून बघतच राहिले.

"पाणी एवढं वर असतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

पाणी गोडं होतं. प्रेमाबाईंनी ओंजळीनं थोडं थोडं पाजलं. बऱ्याच वेळानं करियानं ओला डबा चाटला आणि मग शरणबसप्पांचा हात. एवढ्या मोठ्या माणसानं तिथंच बसून डोळे पुसले.

मित्रांनो, मुक्या जनावराच्या गळ्यात दोरी बांधलीत की त्याची तहानही तुमच्या हातात येते. त्याला फिरायला जरूर न्या, पण हे विसरू नका. आणि आम्हा जुन्या दोऱ्यांना खुंटीवर टाकून देऊ नका. कधी कुठली विहीर आमच्या मापाची निघेल, सांगता येत नाही. माझा तो पेड शरणबसप्पांनी आता नवी अंबाडी घालून वळलाय. मी दाराशीच असतो, आणि माझ्याच खुंटीला प्रेमाबाईंनी पाण्याची कॅन अडकवलेली असते.